भिंत पक्की, किल्ली कोणाकडे?

31 जुलै 2024 रोजी देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे यूपीआय आणि इतर डिजिटल व्यवहार अडकले. त्यात बहुतेक सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँका होत्या. या बँकांची संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरले होते. ते पुढे पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने कंपनीची जोडणीच तोडली. दुसऱ्या दिवशी तपासणी होऊन ती पूर्ववत झाली. बाधा कंपनीच्या डेटा सेंटरपुरतीच होती, बँकांच्या स्वतःच्या यंत्रणेला धक्का लागला नव्हता, असेही कॉर्पोरेशनने जाहीर केले.

कॉर्पोरेशनने केले ते बरोबरच होते, पण त्यांना तोडता येण्याजोगा सर्वांत लहान तुकडा म्हणजे अख्खी कंपनी. 300 बँका एकाच दाराने ये-जा करत असतील तर त्यातली एक बाजूला काढता येत नाही. दार लावले की सगळ्याच बाहेर. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने नंतर जो माग काढला, त्यात हल्लेखोरांची पहिली वाट सी-एजमधूनही नव्हती. सी-एजला सेवा देणाऱ्या आणखी एका कंपनीचा नीट न बांधलेला सर्व्हर हे त्यांचे प्रवेशद्वार होते. बँक, तिची कंपनी, त्या कंपनीची कंपनी अशी ही उतरंड.

सामाईक क्लाउडविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की पहिला प्रश्न असतो तो शेजाऱ्याला आपला डेटा दिसेल का, हा. त्याचे उत्तर गेल्या वीस वर्षांत बऱ्यापैकी समाधानकारक झाले आहे. पुढे त्याचा हिशेब मांडलाच आहे. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. आपली साधने कोणाच्या नावावर आहेत, कोणत्या कप्प्यात मांडली आहेत आणि त्या कप्प्याची किल्ली कोणाकडे आहे? जळगाव-धुळ्याच्या बाजूला हा प्रश्न अधिक टोचतो, कारण इथल्या संस्था क्लाउडच्या थेट भाडेकरू क्वचितच असतात. त्या पोटभाडेकरू असतात, आणि मूळ भाडेकरार त्यांनी पाहिलेलाही नसतो.

आता खान्देशात क्लाउडवर आहे तरी कोण, ते पाहू. सर्वांत मोठा गट गावोगावच्या विकास सोसायट्यांचा. रावेर-यावलचा केळीवाला असो की अमळनेर, चोपडा, शिरपूरचा कापूसवाला, पीककर्ज या सोसायटीतून, वर जिल्हा मध्यवर्ती बँक. जळगावची एक आणि धुळे-नंदुरबारची मिळून एक. सोसायटीची खतावणी पिढ्यान्‌पिढ्या सेक्रेटरीच्या हातची. 29 जून 2022 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजेच अशा सोसायट्या, संगणकीकृत करण्याच्या 2,516 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि अंमलबजावणीत नाबार्डला मध्यवर्ती जागा दिली. मेख अशी, की प्रत्येक सोसायटीला स्वतंत्र सॉफ्टवेअर नाही; सगळ्यांसाठी एकच, क्लाउडवर चालणारे. इतके भाडेकरू एका छपराखाली आणणारी ग्रामीण योजना जगात शोधूनही फारशी सापडणार नाही.

दुसरा गट शिक्षणाचा. 15 ऑगस्ट 1990 ला स्थापन झालेले आणि 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे सांभाळते. बांभोरी, फैजपूर, शिरपूर, धुळे इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि तिथली मुले क्लाउड कंपन्यांच्या फुकट सवलतीवर प्रकल्प उभे करतात. तिसरा गट सरकारी कार्यालयांचा. जानेवारी 2018 मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले आणि असे धोरण आणणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. शिवाय पतसंस्था, दूध संघ, जिनिंगवाले, सराफ आहेतच. त्यांचे 'सॉफ्टवेअरवाले' त्यांना सांगतात, "आता सगळं क्लाउडवर आहे, काळजी करू नका."

यंत्रे मात्र इथे नाहीत. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटरे उघडली, अ‍ॅमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत, गूगलने 2017 मध्ये मुंबईत. जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमधला प्रकाश हे अंतर दोनेक मिलिसेकंदांत कापतो, त्यामुळे अंतर ही अडचण राहिलेली नाही.

एका यंत्रावर अनेकांना बसवायची कल्पना मुळात क्लाउडची नाही. साठच्या दशकात एमआयटीत एका संगणकावर अनेकजण पाळीपाळीने काम करत. आयबीएमने 1972 मध्ये व्हीएम/370 बाजारात आणले. त्यात प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापुढे अख्खा संगणक आहे असे वाटे, प्रत्यक्षात तो एकाच यंत्राचा भाग असे. साध्या इंटेल यंत्रांवर हीच जादू व्हीएमवेअरने 1999 मध्ये केली, केंब्रिजच्या झेनने 2003 मध्ये. मग 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय ठेवली. ऑगस्ट 2006 मध्ये अ‍ॅमेझॉनने तासाच्या भाड्याने यंत्रे देणे सुरू केले तेव्हा त्याखाली झेनच होते. व्हर्च्युअल मशीनच्या या प्रकारात दोन भाडेकरूंच्या मध्ये हायपरव्हायजर नावाचा थर असतो. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्र. भिंत जाड, पण जागा खाणारी.

पातळ भिंतीची परंपरा वेगळी. 1979 च्या युनिक्समध्ये एखाद्या प्रोग्रॅमला फाइलींच्या एका कोपऱ्यात बंद करण्याची आज्ञा आली. पुढे फ्रीबीएसडीचे जेल, सोलारिसचे झोन. लिनक्समध्ये दोन वेगळे तुकडे हळूहळू जुळत गेले. नेमस्पेस हा एक, सीग्रुप हा दुसरा. सीग्रुपची सुरुवात गूगलच्या अभियंत्यांनी 2006 मध्ये केली आणि 2008 च्या सुरुवातीला ते लिनक्समध्ये आले. नेमस्पेस दृष्टी आवरते: शेजारी काय चालले आहे ते प्रोग्रॅमला दिसत नाही. सीग्रुप हात आवरतो: किती मेमरी, किती प्रोसेसर घ्यायचा याची मर्यादा घालतो. 2013 मध्ये डॉकरने हे दोन्ही सोप्या वेष्टणात बांधले आणि कंटेनर नावाचा हा पातळ भिंतीचा कप्पा घराघरांत पोचला. पण सगळ्या कंटेनरांचे कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकच असते. त्या कर्नेलमध्ये भोक सापडले की सगळ्या खोल्या एक. म्हणूनच मोठ्या क्लाउड कंपन्या अनोळखी ग्राहकांना केवळ कंटेनरच्या भरवशावर शेजारी बसवत नाहीत. 2018 मध्ये अ‍ॅमेझॉनने फायरक्रॅकर आणले, ते सव्वाशे मिलिसेकंदांत उभे राहणारे चिमुकले व्हर्च्युअल मशीन. त्याच वर्षी गूगलने जीव्हायझर खुले केले. ते प्रोग्रॅम आणि खरे कर्नेल यांच्यामध्ये एक नकली कर्नेल उभे करते. पातळ भिंतीचा वेग आणि जाड भिंतीची खात्री एकत्र मिळवायची ही धडपड आहे आणि ती बरीच यशस्वी झाली आहे.

भिंतींना भेगा गेल्या नाहीत असे मात्र नाही. 2009 मध्ये सॅन डिएगो आणि एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की अ‍ॅमेझॉनवर मोजके डॉलर खर्चून, हव्या त्या माणसाच्या यंत्राशेजारीच आपले यंत्र येईल अशी 40 टक्के शक्यता साधता येते. शेजारी बसले की प्रोसेसरच्या कॅशेवरून तो किती कामात आहे याचा अदमास घेता येतो. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन उघड झाले. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या कामाचा आधीच अंदाज बांधून ठेवतात, आणि त्या अंदाजाचे ठसे चोरून वाचता येतात हे कळले. जगभरच्या क्लाउड कंपन्यांना त्या आठवड्यांत यंत्रे दुरुस्त करावी लागली. त्यानंतर प्रत्यक्ष ग्राहकांच्या चोऱ्या मात्र या वाटेने फारशा झालेल्या दिसत नाहीत. इतक्या कष्टाने डोकावण्यापेक्षा उघडे दार शोधणे चोराला परवडते.

खरी चिंता वाटावी अशी भेग वेगळ्या जागी पडली. ऑगस्ट 2021 मध्ये विझ या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी मायक्रोसॉफ्टच्या कॉसमॉस डीबी या तयार डेटाबेस सेवेत एक दोष शोधला. त्यातून हजारो ग्राहकांच्या डेटाबेसच्या मुख्य किल्ल्या हाती येऊ शकत होत्या. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीच्या कंटेनर सेवेत एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाता येईल अशी फट दुसऱ्या संशोधकांना मिळाली. दोन्ही वेळी हायपरव्हायजर शाबूत होता. फुटली ती त्याच्यावर उभी केलेली सोयीची सेवा. सेवा जितकी तयार, तितकी तिच्यातली भिंत आपल्याला कमी दिसते. आपल्या सोसायट्या आणि पतसंस्था अशा सर्वांत वरच्या, सर्वांत तयार मजल्यावर राहतात.

डेटा न दिसणे हा वेगळेपणाचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे शेजाऱ्याच्या धांदलीने आपले काम न अडणे. सामाईक क्लाउडचे सगळे अर्थशास्त्र एका गृहीतकावर उभे आहे: सगळे भाडेकरू एकाच वेळी कामात नसतात. एकाची गर्दी सकाळी, दुसऱ्याची रात्री, म्हणून तेवढ्याच यंत्रांत दोघे मावतात. आता महाराष्ट्रातल्या विकास सोसायट्या पाहा. 31 मार्चच्या आत पीककर्जाचा भरणा केला तर व्याजाची सवलत पदरात पडते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात भडगावची सोसायटी, साक्रीची सोसायटी, पार गडचिरोलीची सोसायटी, सगळ्या एकाच खिडकीवर. एप्रिल उजाडला की नव्या वाटपाची झुंबड, तीही सगळ्यांची एकदम. निकालाच्या दिवशी विद्यापीठाचे संकेतस्थळ याच रोगाने आडवे होते, फक्त तो रोग वर्षातून थोडे दिवस असतो. एकाच धंद्यातले भाडेकरू एकत्र आणले की सरासरीचा फायदा संपतो, हे अशा योजना आखताना कागदावर मांडायलाच हवे. प्रत्येक जिल्ह्याला किंवा प्रत्येक बँकेला ठरलेली किमान क्षमता राखून ठेवणे, मोठे अहवाल रात्री चालवणे, एका भाडेकरूच्या मागण्यांना दर मिनिटाची मर्यादा घालणे हे उपाय जुने आणि माहीत असलेले आहेत. त्यांची किंमत एकच: मार्च सोडून बाकीचे महिने काही यंत्रे रिकामी बसतात. निविदेत नेमका तोच खर्च आधी छाटला जातो.

टंचाईत वाटप कसे करायचे याची खान्देशाला जुनी सवय आहे. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे लाभक्षेत्र फडांत विभागलेले असते आणि एका फडात त्या हंगामाला एकच पीक. नदीत पाणी कमी दिसले की सगळ्यांना थोडे थोडे देऊन सगळ्यांचेच पीक वाळवायचे नाही, तर यंदा कोणते फड भिजवायचे हे गाव हंगामाआधी ठरवते. बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असल्याने कोरड्या राहिलेल्या फडाचा तोटा एकाच घरावर पडत नाही. पाणी पाटकरी देतो, शेतकरी स्वतः दार उघडत नाही. जादा पाणी सांडमातून परत नदीत. क्लाउडच्या अभियंत्याला हे सगळे ओळखीचे वाटेल: राखीव कोटा, धोका विभागून ठेवणे, वापरणाऱ्याच्या हाती मुख्य नियंत्रण न देणे, अतिरिक्त भार सुरक्षित बाहेर काढणे. फरकही लक्षात घेतला पाहिजे. फडात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि पाटकऱ्याने पक्षपात केला तर संध्याकाळी पारावर जाब विचारता येतो. क्लाउडमध्ये शेजारी अनोळखी, पाटकरी मुंबई-पुण्याला, आणि जाब विचारायचा तर तिकीट क्रमांक लागतो.

आता मांडणीकडे. क्लाउड कंपन्यांनी ग्राहकाला आपली साधने लावण्यासाठी उतरंडी दिल्या आहेत. अ‍ॅमेझॉनमध्ये अकाउंट हा मूळ कप्पा. 2017 पासून अनेक अकाउंटे एका संस्थेखाली गटागटाने ठेवता येतात आणि वरून नियम लादता येतात, उदाहरणार्थ या गटातल्या कोणालाही भारताबाहेर यंत्र उभे करता येणार नाही. गूगलमध्ये संस्था, तिच्याखाली फोल्डर, त्याखाली प्रोजेक्ट. मायक्रोसॉफ्टमध्ये व्यवस्थापन गट, सबस्क्रिप्शन आणि रिसोर्स ग्रुप. ओपनस्टॅक या खुल्या क्लाउड सॉफ्टवेअरमध्येही प्रोजेक्टच, सुरुवातीला त्याला सरळ भाडेकरूच म्हणत. नावे निराळी, पण एक भेद सगळीकडे सारखा आणि तो विसरला की पंचाईत होते. काही कप्पे खऱ्या भिंतीचे असतात, काही नुसत्या रंगाच्या पट्ट्या. अकाउंट, प्रोजेक्ट, सबस्क्रिप्शन या भिंती: एकातली परवानगी दुसऱ्यात आपोआप जात नाही, मर्यादा आणि बिल वेगळे राहतात. रिसोर्स ग्रुप ही निम्मी भिंत. टॅग म्हणजे निव्वळ चिठ्ठी.

चिठ्ठ्यांवर माझा विशेष राग आहे, कारण सगळ्यांची सुरुवात त्यांच्यापासूनच होते. स्वस्त पडतात. एकाच अकाउंटमध्ये दहा ग्राहकांची यंत्रे ठेवायची आणि प्रत्येकाला टॅग लावायचा, की झाली मांडणी. मग एकाने 'जळगाव' लिहिलेले असते, दुसऱ्याने 'जळगांव', तिसऱ्याने इंग्रजीत, चौथ्याने तेच इंग्रजी लहान अक्षरांत, आणि महिन्याच्या बिलात एका गावाची चार गावे होतात. हे निस्तरता येते. निस्तरता येत नाही ते असे, की टॅग काही अडवत नाही. अकाउंटचा मालक पासवर्ड ज्याच्या हाती पडेल त्याला दहाही ग्राहक उघडे.

याचा धडा 2014 मध्येच गिरवून झाला आहे. कोड स्पेसेस ही प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी अ‍ॅमेझॉनवर होती. हल्लेखोराने त्यांच्या नियंत्रण फलकात प्रवेश मिळवून खंडणी मागितली. कंपनी ताबा परत घेऊ लागली तेव्हा त्याने यंत्रे, डेटा आणि बॅकअप पुसायला सुरुवात केली. बॅकअप होते, पण त्याच अकाउंटमध्ये. कंपनी बंद पडली. पुढे 2019 मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली, तेव्हाही भाडेकरूंमधली भिंत कोणी फोडली नव्हती. बँकेचीच एक फायरवॉल चुकीची लावलेली होती आणि तिला दिलेली परवानगी गरजेहून फार मोठी होती. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या सहा लाखांवर सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीचे अख्खे खासगी क्लाउड गूगलकडून चुकून पुसले गेले. उभारणीच्या वेळी एक रकाना रिकामा राहिला होता, म्हणून मुदत एका वर्षाची धरली गेली, आणि वर्ष संपताच यंत्रणेने इमानेइतबारे सगळे काढून टाकले. दोन ठिकाणी प्रती होत्या, पण दोन्ही एकाच कप्प्याखाली, म्हणून दोन्ही गेल्या. निधी वाचला तो त्या कप्प्याबाहेर ठेवलेल्या बॅकअपमुळे.

तिन्ही गोष्टींत मला एकच दुवा दिसतो. दोन वस्तू वेगळ्या शहरांत असणे म्हणजे त्या वेगळ्या असणे नव्हे. एकाच अधिकाराने दोन्ही पुसता येत असतील तर त्या एकच आहेत.

कुबरनेटिसचे थोडक्यात आटोपतो. 2014 मध्ये गूगलने खुले केलेले हे साधन कंटेनरांचा कारभार पाहते आणि त्यातही नेमस्पेस नावाचा कप्पा आहे. तो भिंत आहे असा समज पसरलेला आहे. मुळात तो नावांचा कप्पा. वेगळे नियम लिहिले नाहीत तर एका नेमस्पेसमधला कंटेनर दुसऱ्यातल्याशी खुशाल बोलतो. शिरपूर किंवा बांभोरीच्या प्रयोगशाळेत मुलांच्या प्रत्येक गटाला एक नेमस्पेस आणि मेमरीचा कोटा देणे उत्तम. एकाच्या न संपणाऱ्या लूपने बाकीच्यांचे प्रात्यक्षिक बुडत नाही. त्याच पद्धतीने दोन पतसंस्था शेजारी बसवणे मला मान्य नाही, मग नेटवर्कचे नियम कितीही चोख लिहिलेले असोत.

सोसायट्यांचा खरा वेगळेपणा मात्र या कशातच ठरत नाही. तो डेटाबेसमध्ये ठरतो, आणि तिथे रस्ते तीन. प्रत्येक संस्थेला स्वतंत्र डेटाबेस. किंवा एका डेटाबेसमध्ये प्रत्येकीचे स्वतंत्र तक्ते. किंवा सगळ्यांचे तक्ते एकच, आणि प्रत्येक ओळीत 'ही ओळ कोणाची' सांगणारा एक रकाना. हजारो लहान संस्था असल्या की तिसरा रस्ता स्वस्तात पडतो. सेल्सफोर्ससारख्या कंपनीने असंख्य ग्राहक सामाईक तक्त्यांवर बसवून साम्राज्य उभे केले. पण या मांडणीत संपूर्ण भिंत म्हणजे प्रत्येक प्रश्नात घातलेली एक अट: 'फक्त याच संस्थेच्या ओळी आण'. एखाद्या अहवालाचा कोड लिहिताना नवखा प्रोग्रॅमर ती विसरला, की एरंडोलच्या सोसायटीच्या यादीत पारोळ्याचे थकबाकीदार. यावर उतारा आहे. पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसने 2016 च्या सुरुवातीला आलेल्या 9.5 आवृत्तीत ओळीपातळीवरचे संरक्षण दिले: अट प्रोग्रॅमरने लिहायची नाही, डेटाबेस स्वतः लावतो. तेही निर्दोष नाही. तक्त्याच्या मालकाला आणि सर्वाधिकारी वापरकर्त्याला तो नियम मुळात लागू होत नाही, आणि आळसापोटी अर्धी सॉफ्टवेअरे त्याच अधिकाराने चालवली जातात. त्यामुळे सॉफ्टवेअर विकणारा "रो लेव्हल सिक्युरिटी आहे" म्हणाला, तर पुढचा प्रश्न हाच: तुमचे अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसला कोणत्या नावाने जोडले जाते?

आता पोटभाडेकरूंकडे परत. धुळ्याची एखादी मध्यम पतसंस्था सॉफ्टवेअर घेते पुण्याच्या किंवा सांगलीच्या कंपनीकडून असे समजू. क्लाउडचे अकाउंट कंपनीच्या नावावर, कार्ड कंपनीचे, मालक पासवर्ड कंपनीच्या एका अभियंत्याकडे. वार्षिक देखभालीच्या दरावरून वाद झाला तर संस्थेला स्वतःचाच डेटा मागून घ्यावा लागतो. क्लाउड कंपनीच्या दृष्टीने ही पतसंस्था अस्तित्वातच नाही. तिचा ग्राहक सॉफ्टवेअरवाला. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने निर्देश दिले, की सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि नोंदी 180 दिवस जपायच्या. जबाबदारी संस्थेवरही येते, पण नोंदी पडल्या आहेत दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये.

नियामकाला हे ठाऊक आहे. 10 एप्रिल 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने माहिती-तंत्रज्ञानाची कामे बाहेर देण्याविषयी तपशीलवार निर्देश काढले, ते 1 ऑक्टोबरपासून लागू झाले. क्लाउडसाठी त्यात वेगळे परिशिष्ट आहे. बाहेर पडण्याची योजना आधीच तयार हवी, तपासणीचा हक्क हवा, पोटठेकेदारांवर नजर हवी, असा एकूण सूर. निर्देश चांगले आहेत. पण पहिल्या दोन स्तरांतल्या नागरी सहकारी बँका, म्हणजे ढोबळमानाने 1,000 कोटींपर्यंत ठेवी असलेल्या, त्यातून वगळल्या. लहानांवर ओझे नको हा हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा, की ज्यांच्याकडे स्वतःचा एकही क्लाउड जाणणारा माणूस नाही, त्यांनाच करारात काय मागायचे ते कोणी सांगत नाही.

सगळ्या बँकांनी मिळून वेगळे क्लाउड करावे हा मार्गही सुचवला जातो. हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेच्या संशोधन संस्थेने 2013 च्या सुमारास बँकांचे सामुदायिक क्लाउड सुरू केले होते, आणि डिसेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने वित्तक्षेत्रासाठी क्लाउड सुविधा उभारण्याचे जाहीर केले. सरकारी कार्यालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे मेघराज 2014 पासून आहे. याला माझा विरोध नाही. एकाच नियमाखालचे भाडेकरू एकत्र असले की तपासणी सोपी होते. पण 31 जुलै 2024 ला अडकलेल्या बँकाही एका अर्थाने समुदायच होत्या. समुदायाला आतून कप्पे नसतील तर तो एकाच फटक्यात बंद होतो.

मग जुना सर्व्हर बरा होता का? अजिबात नाही. जळगावात उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. शाखेच्या मागच्या खोलीत एसी बंद पडला, वीज गेली, यूपीएसची बॅटरी बसली, की सर्व्हरचे काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. बॅकअप म्हणून कपाटातली हार्ड डिस्क, त्याच खोलीतल्या कपाटात. क्लाउड हवेच. फक्त त्याचा करार करताना तीन-चार गोष्टी अडून बसून मागायला हव्यात, आणि त्या महागही नाहीत. अकाउंट संस्थेच्या नावावर उघडून कंपनीला त्यात मर्यादित प्रवेश द्यायचा; क्लाउड कंपन्या यासाठी वेगळी भूमिका देण्याची सोय फुकट देतात. मालक पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचे साधन संस्थेच्या तिजोरीत, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने. बॅकअप दुसऱ्या अकाउंटमध्ये, जिथून सॉफ्टवेअरवाल्यालाही पुसता येणार नाही. आणि वर्षातून एकदा तो बॅकअप प्रत्यक्ष उभा करून त्यावर ताळेबंद काढून पाहायचा, लेखापरीक्षकासमोर. एवढ्यासाठी पतसंस्थेला वेगळा अभियंता नेमावा लागत नाही. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला एक चांगला प्राध्यापक पुरेसा आहे, आणि अंतिम वर्षाच्या मुलांना याहून उपयोगी प्रकल्प मिळणार नाही.

ज्यांना अकाउंट स्वतःच्या नावावर घेणे शक्यच नाही अशा विकास सोसायट्यांचा प्रश्न राहतो. त्यांचे छप्पर राष्ट्रीय आहे, किल्ली त्यांच्याकडे कधीच येणार नाही, आणि येऊही नये. त्यांच्यासाठी मला एकच कसोटी सुचते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या 17 व्या कलमाखाली सोसायट्यांचे विभाजन आणि एकत्रीकरण होते. एका मोठ्या सोसायटीच्या दोन होतात, सभासद गावानुसार वाटले जातात, कर्जे आणि भागभांडवल त्यांच्यामागे जाते. सॉफ्टवेअरमध्ये त्या दिवशी एका भाडेकरूचे दोन करावे लागतात. जुन्या वसुलीचा इतिहास कोणाच्या कप्प्यात जातो, जुन्या सेक्रेटरीला तो दिसायचा कधी थांबतो, वर जिल्हा बँकेत जुन्या आणि नव्या क्रमांकांची जोड कोण लावते, याची उत्तरे लेखी मिळाली तर वेगळेपणा विचार करून बांधला आहे असे समजायला हरकत नाही. उत्तर 'मुख्यालयाला कळवा, ते बॅकएंडमधून करून देतील' असे आले, तर त्या बॅकएंडमध्ये बसलेल्या माणसाला देशातल्या किती सोसायट्यांच्या ओळी बदलता येतात, हे लगेच विचारावे.